उत्सर्ग आणि जीर्णोद्धार : लोकार्पित वास्तूचा धर्म

लोकांसाठी उभारलेली वास्तू जीर्ण झाली म्हणजे तिच्यातील नेमके काय जपायचे, हा प्रश्न वरवर स्थापत्याचा आणि खर्चाचा वाटला तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे. विहिरी, तळी, उद्याने अशा लोकोपयोगी कामांना धर्मशास्त्र ‘पूर्त’ म्हणते आणि ती लोकांना वाहण्याच्या विधीला ‘उत्सर्ग’. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी दाखविल्याप्रमाणे दानात स्वामित्व दात्याकडून स्वीकारणाऱ्याकडे जाते, तर उत्सर्गात ते सर्वांसाठी सोडले जाते आणि कर्त्यालाही त्या तळ्याचा उपयोग सर्वांपैकी एक म्हणूनच घेता येतो. मात्र ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती व्यवहारात किती आक्रसली होती, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले. तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला असूनही अस्पृश्यांना तेथे पाणी घेता येत नव्हते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल येथे १९३५ मध्ये खुले झालेले ‘डे ला वेअर पॅव्हिलियन’ या विचाराच्या कसोटीवर पारखण्याजोगे आहे. समाजवादी मताचे नगराध्यक्ष अर्ल डे ला वेअर यांच्या पुढाकाराने, नाझी राजवटीमुळे जर्मनीतून परागंदा झालेले एरिक मेंडेलसोन आणि त्यांचे सहकारी सर्ज चेर्मायेफ यांनी ते रचले. जोडकाम केलेला पोलादी सांगाडा, समुद्राकडे उघडणाऱ्या गच्च्या आणि काचेच्या अर्धवर्तुळात वर चढत जाणारा गोल जिना यांतून प्रकाश, वारा व समुद्र यांवर सर्वांचा सारखाच हक्क आहे, हे तत्त्व साकार झाले. खाऱ्या हवेने आणि तात्पुरत्या फेरफारांनी ही वास्तू खंगत गेली, तिची मालकी पुढे सार्वजनिक न्यासाकडे आली आणि २००५ मध्ये ती समकालीन कलाकेंद्र म्हणून पुन्हा खुली झाली.

दुरुस्तीनंतरची वास्तू तीच राहते काय? न्याय-वैशेषिक दर्शनात ‘अवयवी’, म्हणजे अवयवांपासून बनलेली अखंड वस्तू, तिचे अवयव बदलले की नष्ट होते आणि तिच्या जागी नवा अवयवी उत्पन्न होतो. हे मत मान्य केले तर पहिला उत्सर्ग नव्या वास्तूला आपोआप लागू होत नाही, तो पुन्हा करावा लागतो. विहीर, उद्यान, तळे वा देवालय यांचा पुन्हा संस्कार करणाऱ्याला मूळ कर्त्याइतकेच फळ देणारे विष्णुधर्मसूत्रही याच दिशेने जाते, कारण समान फळ म्हणजे समान उत्तरदायित्वही होय.

म्हणून काच व पोलाद निर्दोष ठेवूनही ज्या वास्तूचे दार केवळ पैसेवाल्यांसाठी उघडे राहते, तिचा जीर्णोद्धार झाला असे म्हणता येत नाही. बेक्सहिलच्या कलादालनांत आज विनामूल्य प्रवेश आहे आणि तेथील नूतनीकरणाचे खरे समर्थन तेच आहे.