आधी नोंद, मग सोड

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर कागदांचा विषय निघतो. मृत्यूचा दाखला, पासबुकं, सातबारा, तलाठ्याकडचा वारसनोंदीचा अर्ज. त्याच यादीत कुणीतरी सांगतं, 'बहिणींच्या सह्या तेवढ्या घेऊन टाका.' हे ऐकून अस्वस्थ व्हायला होतं, कारण ती सही बहुतेकदा हक्कसोडपत्रावरची असते. हिंदू कुटुंबांपुरता कायदा आता स्पष्ट आहे. 1956च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र नसल्यास वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना बरोबरीने वारस मानलं. वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने 1994मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्राने 2005मध्ये सर्वच मुलींना दिला. वडील 2005मध्ये हयात नसले तरी तो वाटा मिळतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये सांगितलं.

घोटाळा होतो तो नोंद आणि हक्क यांतला फरक न कळल्याने. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; त्याने पैसे ताब्यात घ्यायचे ते वारसांसाठी, असं सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबाबत 1983मध्येच म्हटलं आणि शेअर्सबाबत 2023मध्ये तेच ठरवलं. फेरफारातली नोंदही मालकी निर्माण करत नाही, आणि नाव राहून गेलं म्हणून हक्क जात नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने मात्र हक्कच संपतो. नोंदीच्या धावपळीत मागितलेली सही नोंदीसाठीच आहे असं समजून बाई हिस्सा गमावते. मुलीला वारसा मिळावा म्हणून डॉ. आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि ते रखडलं तेव्हा 1951मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. एवढ्या झगड्यातून आलेला हक्क दुःखाच्या पंधरवड्यात सुटावा, हे मन मानत नाही.

यावर भाऊ म्हणतात, 'लग्नात खर्च केला, शिवाय जमिनीचे तुकडे होतील.' लग्नखर्चाने वारसा फिटतो असं कायदा कुठेही म्हणत नाही, आणि मुलाच्या लग्नाचा खर्च कुणी त्याच्या वाट्यातून कापत नाही. तुकडे तर चार भावांतही होतात. तेव्हा कुणी भावाला हक्क सोडायला सांगत नाही. शिवाय नाव लागणं म्हणजे वाटणी नव्हे. सामाईक नावावर जमीन एकत्र कसता येते.

तिसरा आक्षेप जड आहे : बहिणीला खरोखरच नको असेल तर? माहेर सांभाळणं तिला जमिनीहून मोलाचं वाटत असेल तर? अशी पत्रं काही काळ बंदच करावीत, असा विचार मनात येतो. पण जे तिचं आहे ते देऊन टाकण्याचा अधिकारही तिचाच. तो कायद्याने काढून घेणं म्हणजे तिला पुन्हा अज्ञान ठरवणं. म्हणून बंदी नको, क्रम बदलावा. आधी सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लावा. वर्षभर थांबा. हिश्शाची किंमत तिला आकड्यात सांगा आणि तिच्या स्वतःच्या वकिलाला विचारू द्या. त्यानंतर ती जे सोडेल ते दान. त्याआधी घेतलेली सही दान नव्हे, आणि कुठल्याही भावाने ती मागू नये.