ग्रंथ प्रमाण कशावरून?



१९व्या शतकात नगर-जालना भागातील अनेक महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे तुमच्यापैकी काहींचे सोयरे आज ख्रिस्ती असतील. ते म्हणतील, "बायबल हा देवाचा शब्द आहे, त्यात चूक नाही. तुमच्या ग्रंथाचे काय?" अशा वेळी भांडू नका, थट्टा तर मुळीच करू नका. ती आपल्याच रक्ताची माणसे आहेत. आधी त्यांचे म्हणणे नीट समजून घ्या.

याबाबत ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, मनुष्याच्या तारणासाठी आवश्यक असे सत्य हा ग्रंथ अचूक शिकवितो. १९७८ साली अमेरिकेत शिकागो येथे जमलेले प्रॉटेस्टंट पुढारी याहून पुढे गेले. इतिहास आणि सृष्टी यांबाबतही बायबल निर्दोष आहे, असे त्यांनी जाहीर केले. मात्र ही निर्दोषता मूळ लेखकांच्या हातच्या प्रतींपुरती, असेही त्यांनी नमूद केले. आणि त्या मूळ प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही! आहेत त्या नकलांच्या नकला.

नव्या कराराची ५,००० हून अधिक ग्रीक हस्तलिखिते ज्ञात आहेत. ती ताडून पाहण्याचे कष्ट मुख्यतः ख्रिस्ती विद्वानांनीच घेतले, हे त्यांना भूषणावह आहे. त्यांना आढळलेले बहुतेक फरक किरकोळ आहेत. परंतु दोन उतारे लक्षात घ्या. सीनायच्या मठात सापडलेले एक आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एक, अशा ४थ्या शतकातील दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत हे दोन्ही उतारे नाहीत.

पहिला उतारा मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. श्रद्धावंत साप हाती धरतील, विष प्याले तरी त्यांना बाधा होणार नाही, असे तेथे म्हटले आहे. बहुसंख्य ख्रिस्ती लोक हे शब्दशः आचरीत नाहीत. पण अमेरिकेच्या अॅपलेशियन डोंगराळ भागात काही मंडळी उपासनेत विषारी साप हाती घेऊ लागली. त्यांचा एक प्रमुख उपदेशक जॉर्ज हेन्स्ली १९५५ साली सर्पदंशानेच मेला. त्याने औषधोपचार नाकारला होता.

दुसरा उतारा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. व्यभिचाराचा आरोप असलेल्या एका स्त्रीला लोक दगडांनी ठेचून मारावयास निघतात. येशू त्यांना सांगतो की, ज्याने कधी पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा. एकेक जण निघून जातो आणि ती स्त्री वाचते.

दोन्ही उतारे मागाहून जोडले गेले, असे बहुतेक विद्वान मानतात. पण एकाने माणसाचा प्राण घेतला, दुसरा हातातील दगड खाली ठेवावयास शिकवितो. मग वचनाची किंमत कशावरून ठरवावयाची? ते कोणाच्या नावावर आहे यावरून, की ते माणसाला कोठे नेते यावरून?

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. बुद्धवचनेही कित्येक पिढ्या मुखोद्गत राहिली आणि मागाहून लिहिली गेली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात पूज्य बाबासाहेबांनी हे लपविले नाही. उलट त्यांनी कसोटी दिली: जे बुद्धीला पटते आणि ज्यात मनुष्याचे कल्याण आहे, तेच बुद्धाचे म्हणून स्वीकारावे.

म्हणून बंधु-भगिनींनो, धम्मग्रंथ फुले वाहून कपाटात ठेवू नका. एक पोथी टाकून दुसरी डोक्यावर घेणे म्हणजे धर्मांतर नव्हे. संध्याकाळी वंदनेनंतर एक पान वाचा. मुलाने "हे खरे कशावरून?" असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर विचार करा. आणि ख्रिस्ती सोयरा घरी आला, तर त्यालाही त्या चर्चेत सन्मानाने बसवून घ्या.