छंदाची नीति

ज्याचें छायाचित्रण हा धंदा नसून छंद आहे, त्यास आपण मोकळा समजतों. परंतु त्याच्यावरील नैतिक बंधन त्यामुळें कमी होतें काय?

निसर्गापुढें हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार आन्सेल आडम्स यानें १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवीं चंद्रोदयाचें चित्र मोठ्या घाईनें घेतलें. दुसऱ्या चित्राची तयारी होईतों दफनभूमींतील क्रुसांवरचें ऊन सरलें होतें. पण त्या धांदलीनें चंद्राची समाधि भंगली नाहीं.

मैफलीची गोष्ट निराळी. भीमसेन जोशींनीं १९५३ सालीं पुण्यांत सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवांत विलंबित ख्याल उलगडूं लागला, म्हणजे तेथील शांतता ही गायक व श्रोते यांनीं मिळून निर्माण केलेली असते. ऐन समेच्या तोंडाशीं कोणी पुढें सरसावून प्रकाशाचा झोत टाकील, तर तो सर्वांच्या ठेव्यांतून आपल्यापुरतें कांहीं उचलून नेतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकारास निदान पोटाची सबब आहे. छांदिष्टास तीहि नाहीं. चित्र न घेण्याची त्याला पूर्ण मुभा आहे, म्हणूनच त्याचें कर्तव्य अधिक कडक आहे.

कोणी म्हणेल, न टिपलेली मुद्रा कायमची गेली. खरें आहे, गायकांच्या पश्चात् त्या मुद्रेचें मोलहि थोडें नाहीं. पण तान गेलीच, आणि मूक चित्र तिला परत आणीत नाहीं. जो आधीं श्रोता आहे, त्यालाच कॅमेरा केव्हां उचलावा व केव्हां मांडीवर ठेवावा हें कळतें.