रसाचे ऋण

जी वेदना कल्पित नसून खरोखर कुणाच्या देहावर कोसळली, तिच्यातून निपजलेल्या संगीताचा आनंद घेणे धर्म्य आहे काय, हा प्रश्न मौजे करावे येथील खाडीकाठी टाळता येत नाही. कारण ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या उड्या घेत असतात, रोहित पक्षी वाकड्या चोची उलट्या बुडवून अन्न गाळीत असतात, आणि पश्चिमेस पैलतीरी तो ट्रॉम्बेचा डोंगर उभा असतो, जेथे १९५६ साली ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली व जेथील ‘सायरस’ भट्टीचे प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीस वापरले गेले.

हा प्रश्न उभा करणारे संगीतही अणूशीच निगडित आहे: ग्लासगोच्या ‘मोग्वाई’ या वाद्यवृंदाने अणुयुगावरील मार्क कझिन्स यांच्या २०१५ च्या माहितीपटास दिलेले संगीत पुढील वर्षी ‘अॅटॉमिक’ या नावाने स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून निघाले. माहितीपट सर्वस्वी जुन्या दफ्तरांतील चित्रफितींतून सिद्ध झालेला; संगीतात गिटार व सिंथेसायझर यांचे स्वर संथपणे एकमेकांवर साचत जातात, आणि श्रोत्याच्या चित्तात भय व शांती एकत्र नांदू लागतात.

करुण रसही आस्वाद्य का वाटतो, याचे उत्तर संस्कृत काव्यमीमांसक भट्टनायकांनी साधारणीकरणाच्या सिद्धांताने दिले व अभिनवगुप्तांनी ते अधिक खोल नेले: काव्यातील भाव व्यक्तिसंबंधांतून सुटतो, म्हणून त्याचा दंश उरत नाही. परंतु हा विचार नाट्याचा आहे. तेथे नटाचा शोक नटाचा नसतो. माहितीपटातील मृत मात्र खरे मृत असतात, त्यांची साक्ष हाच त्या दस्तऐवजाचा प्राण असतो, आणि चित्र गळून केवळ स्वर उरले की भाव इतका मुक्त होतो की ज्यांच्या दुःखातून तो जन्मला तेच श्रोत्याच्या मनातून हद्दपार होतात.

तरीही असा आस्वाद मी निषिद्ध मानीत नाही. शब्दहीन स्वर मनाची कवाडे जशी उघडतात तशी आकडेवारी उघडीत नाही, आणि भयाकडे स्थिर दृष्टीने पाहण्याचे बळ पुष्कळदा सौंदर्यच देते. मात्र हा रस उसना आहे आणि त्याचे ऋण स्मरणानेच फिटते. मुद्रिकेतील दोन रचनांची नावे ‘लिटिल बॉय’ व ‘फॅट मॅन’ आहेत. ६ व ९ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा व नागासाकी यांवर टाकलेल्या बाँबची ती नावे. वाचकहो, हे संगीत अवश्य ऐका; पण आधी ती नावे वाचा, आणि ती ज्यांच्यावर कोसळली त्यांची हकीकत जाणून घ्या.