माफी कोणाच्या सहीनं?

इ. स. 250. रोमन सम्राट डेशियसचा हुकूम निघाला की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. यांतले काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज शहरातल्या अनेक ख्रिस्ती लोकांनी मुकाट्यानं बळी दिला. काहींनी त्याहून सोपी वाट काढली. अधिकाऱ्याचे हात ओले केले आणि नुसताच दाखला घरी आणला. जे वाकले नाहीत त्यांची रवानगी तुरुंगात झाली. थोड्याच दिवसांत वाकलेली मंडळी पुन्हा चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली, आणि त्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या. तुरुंगातल्यांनी लिहून दिलेल्या. याला माफ करा, परत घ्या. काही चिठ्ठ्यांत तर ‘अमुक आणि त्याची माणसं’ एवढंच लिहिलेलं असे. ही माणसं चार की चाळीस, कोण विचारणार?

बिशप सिप्रियन वैतागला. छळ सुरू होताच तो स्वतः लपून बसला होता, त्यामुळे तुरुंग भोगणाऱ्यांना अडवताना त्याची बाजू जरा लंगडीच होती. तरी मुद्दा रास्त होता. अपराध देवाचा झाला, मग ही माणसं कोणाच्या वतीनं माफी वाटताहेत? 251 साली कार्थेजच्या धर्मसभेनं मधला मार्ग काढला. नुसता दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशी करून आत घ्यावं, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी मात्र दीर्घ प्रायश्चित्त करावं आणि मरणाच्या दारात असतील तर त्यांना पदरात घ्यावं. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूला एवढीही सवलत मान्य नव्हती. त्यानं वेगळी चूल मांडली.

क्षमा करावी, याबद्दल ख्रिस्ती धर्मात फारसं दुमत कधी नव्हतं. भांडणं झाली ती क्षमा करणारा कोण, यावर.

मूळ शिकवण पाहिली तर तिथे चिठ्ठ्या नाहीत, मध्यस्थ नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा माफ करायचं, सात वेळा? येशू हा आकडा कित्येक पटींनी वाढवतो आणि एका चाकराची गोष्ट सांगतो. राजानं त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, आणि त्यानं बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही दिवसाची मजुरी. म्हणजे सुटलेलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, वसूल करायचं होतं ते शंभर दिवसांचं. ऐकणाऱ्यांना हसू फुटावं असाच हा आकडा निवडलेला आहे. गोष्टीत आणखी एक बारकावा आहे, प्रवचनांतून तो बहुधा सुटतो. राजा सोडतो ते त्याचं स्वतःचं येणं. दुसऱ्या कोणाचं कर्ज परस्पर माफ करत नाही.

पण योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापक्षमेचा अधिकारही देतो. पुढची हजारेक वर्षं चर्चनं हा दुसरा धागा घट्ट धरला. सहाव्या-सातव्या शतकात आयरिश मठवासीयांनी प्रायश्चित्ताच्या पुस्तिका तयार केल्या. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाणी, याचं जवळजवळ दरपत्रकच. गुन्हा शेजाऱ्याचा केलेला असो, हिशेब धर्मगुरूपुढे. 1215 साली चौथ्या लॅटरन धर्मसभेनं वर्षातून एकदा तरी पापं कबूल करणं सक्तीचं केलं. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात ते हेच. उपवासाऐवजी स्तोत्रं, स्तोत्रांऐवजी पैसे, असे बदली पर्याय निघत गेले. पापमुक्तिपत्रांचा बाजार आणि 1517 साली ल्युथरनं मांडलेले पंचाण्णव मुद्दे शाळेच्या इतिहासात असतातच, ते इथे पुन्हा नकोत.

गोव्यातली गोष्ट मात्र शाळेत क्वचित येते. जुलै 1583 मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. त्याआधी पोर्तुगिजांनी या भागातली देवळं पाडली होती, गावकऱ्यांचा संताप त्यातून आलेला. मृतदेह मिळवून ते दफन करण्याचं काम केलं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी. मग पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करू म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांना कापून काढलं. मेलेल्या धर्मगुरूंच्या नावानं सूड घेतला तो राजसत्तेनं, आणि तोही पाहुणे म्हणून आलेल्यांवर. 1893 साली चर्चनं त्या पाचांना धन्य घोषित केलं. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक उभं राहायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. पाडलेल्या देवळांबद्दल कोणी कोणाची क्षमा मागायची, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडल्याचं दिसत नाही. सत्ता हाती असली की माफी मागायची सवय लवकर मोडते.

क्षमा पुन्हा दुखावलेल्या माणसाच्या हाती देणाऱ्यांत लंडनचा एक धर्मोपदेशक महत्त्वाचा. जोसेफ बटलर. 1726 साली छापलेल्या त्याच्या प्रवचनांत एक संतापावर आहे आणि लगेच पुढचं क्षमेवर. हा क्रमच बोलका आहे. बटलर म्हणतो, अन्याय पाहून राग येणं हे पाप नव्हे, ती देवानं दिलेली ढाल आहे. पाप आहे ते त्या रागाला सूड होऊ देणं. अपराध्याला शिक्षा व्हावी असं वाटत असतानाही त्याचं माणूसपण न विसरता त्याचं बरं चिंतता येतं. क्षमा म्हणजे विसरणं, क्षमा म्हणजे शिक्षा माफ, या दोन्ही समजुती त्यानं इथे मोडीत काढल्या. तरीही आज प्रवचनांत बटलरपेक्षा त्या समजुतीच जास्त ऐकू येतात, आणि त्यांचा भार पडतो तो बहुतेक वेळा मार खाणाऱ्या बायकोवर.

विसाव्या शतकात या विचाराला सर्वांत मोठा धक्का बाहेरून बसला. ज्यू लेखक सायमन विझेन्थाल यांनी ‘द सनफ्लॉवर’मध्ये एक प्रसंग सांगितला आहे. मरणपंथाला लागलेला एक नाझी सैनिक छळछावणीतल्या एका ज्यूकडे, म्हणजे त्यांच्याकडेच, ज्यूंच्या हत्येबद्दल क्षमा मागतो. विझेन्थाल काही न बोलता उठून जातात. मारल्या गेलेल्यांच्या वतीनं बोलायचा हक्क त्यांना होता का? सिप्रियनचाच प्रश्न, पण आता उत्तर द्यायला बिशपही नाही.

दक्षिण आफ्रिकेत तो प्रश्न कोर्टात पोचला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगानं 1996 पासून सुनावण्या घेतल्या. राजकीय हेतूनं केलेल्या गुन्ह्याचं पूर्ण सत्य सांगा आणि सुटका मिळवा, अशी तरतूद होती. पश्चात्तापाची अट नव्हती. पोलिसांच्या कोठडीतल्या मारानं 1977 साली मरण पावलेल्या, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या कुटुंबानं या तरतुदीला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं. आमचा न्याय सरकारनं परस्पर कसा सोडून दिला, हा त्यांचा सवाल. ते खटला हरले. मात्र बिकोच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांचे अर्ज पुढे आयोगानंच फेटाळले. सरकारी माफीला टुटूंनी प्रार्थनेची जोड दिली हे त्यांचं मोठेपण, पण दोन्हींची सरमिसळ झाली ती तिथेच.

भारतात दोन कुटुंबांनी ही सरमिसळ टाळली. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. त्यांची पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्याच वेळी सांगितलं की कायद्याचं काम वेगळं आहे. बारिपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा त्या पुढेही करत राहिल्या. मुख्य आरोपीला झालेली फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेप कायम केली.

मध्य प्रदेशातल्या आदिवासींना सावकारांच्या जाचातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा फेब्रुवारी 1995 मध्ये बसप्रवासात खून झाला. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल 2002 साली इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिनं मारेकऱ्याला राखी बांधली. मृत बहिणीच्या वतीनं नव्हे, स्वतःची बहीण गेल्याबद्दल तिनं त्याला माफ केलं. कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्जही केला, आणि 2006 साली तो बाहेर आला. स्टेन्स खटल्यातला मुख्य आरोपी तेव्हाही तुरुंगात होता.