पट आणि पाळणा

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. ज्या खेळात धर्मराजाने राज्य घालवले, भाऊ घालवले आणि शेवटी द्रौपदीलाही पणाला लावले, त्याच खेळासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवणारे आपले पूर्वज मोठे मिस्कील असले पाहिजेत. आमच्या गिरगावच्या चाळीत या दिवशी गॅलरीत सतरंजी पडते, चिवड्याचे ताट मधोमध येते आणि एरवी गंभीर चेहऱ्याने वावरणारी माणसे पत्ते पिसू लागतात. माणूस ओळखावा तर खेळताना, असे चाळीतले म्हातारे म्हणतात. हे कितपत खरे आहे?

यंदा हा प्रश्न मला नव्याने पडला तो माझ्या भाचीमुळे. ती परळला एका प्रसूतिगृहात परिचारिका आहे. कॅनडातल्या एडमंटन शहरी डॉक्टर-परिचारिकांसाठी पटावरचा एक खेळ तयार झाला आहे, ‘रिटेन’ नावाचा, त्याची हकिकत तिने मला सांगितली. या पटावर नुकतेच जन्मलेले आणि श्वास न घेणारे बाळ असते. त्याची अवस्था सांगितली जाते. पुढे काय करायचे ते खेळाडूंनी ठरवायचे. खेळल्यावर ज्ञान सुधारते, असा निष्कर्ष २०१९ साली तिथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. पण हेतू तेवढाच नाही. कोणाला किती येते, हे या पटावरून जोखता येईल काय, हेही त्यांना पाहायचे आहे.

विषय पोरखेळाचा नव्हे. जन्मणाऱ्या दहा बाळांपैकी साधारण एकाला पहिल्या श्वासासाठी कोणाचा तरी हात लागतो. बहुतेकांना कोरडे पुसले, पाठ चोळली की पुरते. तेवढ्याने भागले नाही तर नाकातोंडावर मुखवटा बसवून पिशवीने हवा द्यावी लागते, मिनिटाला ४० ते ६० वेळा. आणि हे सारे जन्मल्यापासून मिनिटाच्या आत सुरू व्हावे लागते. हवा नीट पोचूनही हृदयाचे ठोके मिनिटाला ६० च्या खालीच राहिले, तर छाती दाबायची, तीन दाबांमागे एक श्वास. पाठ करायला हे सोपे आहे. पण शेवटच्या पायऱ्या शंभरात एखाद्याच बाळाला लागतात, आणि जे क्वचित करावे लागते ते माणूस विसरतो.

मग सराव करायचा कोणावर? १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले ते गिरणगावातल्या बायकांसाठी. त्याच वर्षी शेजारी के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. गिरण्या गेल्या, पण लालबाग-परळच्या किती पिढ्यांचे पहिले रडणे त्या भिंतींनी ऐकले असेल! जगभर अशा सार्वजनिक रुग्णालयांनी गरिबांना औषध दिले आणि डॉक्टरांना विद्या दिली. या देवघेवीचा हिशेब मात्र कोणी उघड मांडत नाही. नवखा हात आधी गरिबाच्या अंगावर चालतो. सरावला की पुष्कळदा तो दुसरीकडे निघून जातो. शिकणाऱ्याची चूक कोणाच्या खात्यावर पडावी, हा वैद्यकाचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर एका खेळणीवाल्याने दिले, याची मला मौज वाटते. नॉर्वेतला आस्मुंड लार्डाल खेळणी करीत असे. १९६० साली त्याने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली केली. आपल्याकडेही नवजात बाळांसाठी असे शिक्षण १९९० पासून दिले जात आहे, आणि २००९ साली सरकारने त्यासाठी नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. बाहुलीवर केलेली चूक कोणाचाच जीव घेत नाही. पटावरची तर नाहीच.

हे मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितले. भाची म्हणजे मामाचे म्हणणे खोडून काढण्याचा जन्मसिद्ध हक्क असलेली व्यक्ती.

“मामा, पटावरचे बाळ निळे पडत नाही,” ती म्हणाली. “आई ‘माझे बाळ का रडत नाही’ म्हणून विचारत नाही. मुखवटा जरा वाकडा बसला की कडेने हवा निसटते. ती पत्त्यातून कशी निसटणार?”

“म्हणजे खेळ कुचकामी?”

“तसे कुठे म्हटले मी? एक गोष्ट तिथे दिसेल. मोठे डॉक्टर चुकताना दिसले तर आम्ही बोलतो की गप्प बसतो, ती.”

तिचे हे वाक्य मनातून जाईना. हस्तिनापूरच्या त्या सभेत ज्ञानाची काय कमतरता होती? भीष्म होते, द्रोण होते. धर्म कोणाला ठाऊक नव्हता? विदुराने फटकारले, त्याचे कोणी ऐकले नाही. आणि कौरवांतला विकर्ण, वयाने लहान, भर सभेत उठून हा अन्याय आहे असे म्हणाला, तेव्हा कर्णाने त्याला पोर म्हणून खाली बसवले. अशा सभेची परीक्षा घेतली असती तर सगळे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते.

म्हणून पटावर माणूस जोखण्याच्या कल्पनेपाशी मी अडखळतो. काय विसरले आहे ते शोधायला पट उत्तम. पण त्यावरचे गुण सेवापुस्तकात चढू लागले, बढतीला जोडले गेले, की चूक पुन्हा महाग झाली. मग धाकटी परिचारिका वरिष्ठांच्या तोंडाकडे बघून पत्ता टाकील. माणसे खेळ शिकतील आणि बाळ बाजूला राहील. पणच नसलेल्या या खेळाला आपणच पण लावल्यासारखे होईल. कोणी म्हणेल, मग अडाणी हातांना पाळण्याजवळ जाऊ द्यायचे काय? नाही, त्यांची परीक्षा व्हावीच. पण ती बाहुलीवर, मुखवटा हातात धरून, आणि पुन्हा पुन्हा. पट मात्र चुकण्यासाठी मोकळा ठेवावा.

भाचीने हे ऐकून घेतले आणि पिशवीतून पुठ्ठा काढला. रात्रपाळीच्या मैत्रिणींसाठी तिने स्वतःच एक पट आखायला घेतला आहे. चौकोन आहेत, साठ सेकंदांचे घड्याळ आहे. डॉक्टरांना “थांबा” म्हणायचा एक पत्ताही आहे, तो कोणीही केव्हाही टाकावा. गुणांचा रकाना मला कुठे दिसला नाही. पाडव्याच्या रात्री तिची पाळी आहे; फराळाचा डबा मी परळला पोचवायचा, असे ठरले आहे.