संशय आणि संमति

गेल्या महिन्यांत एका परिसंवादासाठीं पुण्याहून दिल्लीस जाण्याचा योग आला. विमानतळावरील तपासणीच्या रांगेंत घड्याळ, कमरेचा पट्टा, पाकीट आणि फोन हीं सारीं तबकांत मांडून, दोन्ही हात पसरून मी जवानापुढें उभा राहिलों. इतक्यांत माझी पिशवीहि उघडण्यांत आली. औषधाच्या गोळ्या, चुरगळलेला सदरा, पत्नीनें दिलेल्या दशम्या, सारा संसार चारचौघांत उघडा पडला. तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास असें संशयितासारखें चांचपलें जावें, याचा मला मनांतून राग आला.

विमान आकाशांत चढल्यावर मात्र १९८५ सालची एक गोष्ट आठवली. पुढील आरक्षण निश्चित नसतांहि आपली बॅग पुढें पाठवावी, असा हट्ट व्हँकूव्हर येथें एका उतारूनें धरला, आणि तेथील कर्मचाऱ्यानें अखेर तो मानला. बॅग गेली, तिचा मालक विमानांत चढलाच नाहीं. २३ जून रोजीं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडनजीक समुद्रावर फुटलें आणि त्यांतील ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. भिडेखातर दाखविलेल्या सौजन्याची केवढी ही किंमत! जवानाचा संशय माझ्या शीलाविषयीं नसतो. तो सर्वांवर सारखा असतो, म्हणूनच त्यांत अपमान नाहीं. नांव किंवा वर्ण पाहून जेथें तो कमीअधिक होतो, तेथें अपमानास आरंभ होतो.

घरीं परतल्यावर मुलानें नवा स्मार्टफोन हातीं दिला. जुना शेजारीं ठेवतांच एकांतील मजकूर दुसऱ्यांत वाहूं लागला. मग एकेक ॲप परवानगी मागूं लागलें: फोटो पाहूं का? तुमचें ठिकाण कळवाल का? साठविलेलीं नांवें व नंबर घेऊं का? मी न वाचतांच सर्वांस होकार देत गेलों. रात्रीं अंथरुणावर पडलों तेव्हां एकाएकीं आठवलें, कीं सासर सोडून आलेली एक माजी विद्यार्थिनी “सर, माझा नंबर कोणालाहि देऊं नका” असें बजावून गेली होती. तो मीं दिला होता. कोणाला, हेंहि मला ठाऊक नव्हतें.

विमानतळावर मीं इतरांच्या जिवासाठीं स्वतःचें खासगीपण दिलें आणि रागावलों. घरीं स्वतःच्या सोयीसाठीं इतरांचें खासगीपण दिलें आणि मला कांहींच वाटलें नाहीं. संमति ज्याची त्यानेंच द्यावयाची असते, एवढी साधी गोष्ट मीं विसरलों. वैयक्तिक माहितीच्या रक्षणार्थ आपल्याकडे २०२३ सालीं कायदा झाला, परंतु व्यक्तीचा खासगी व घरगुती वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. तेथें पहारा बसवावयाचा तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाच.

त्या रात्रीं मीं एकेक परवानगी मागें घेतली. गेलेलें त्यामुळें परत आलें असें मात्र नव्हे. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीस फोन करून घडलें तें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली; मग हळूच म्हणाली, “सर, आधीं विचारलं असतंत तर?”

जवानानें निदान माझ्यादेखत माझी पिशवी उघडली होती.